श्रावणातलं लेकरू आणि १ जूनची रेघ: बडोद्याहून परदेशी जाता-येताना इयत्तेचा हिशोब

माझी मुलगी ९ ऑगस्ट २०१७ची, बहिणीचा मुलगा त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरचा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आईच्या घरी एकच पाळणा दोनदा सजला, कुंची आणि दुपटीसुद्धा तीच. मुलगी चार वर्षांची झाली आणि आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सला गेलो. २०२४च्या जूनमध्ये बिऱ्हाड गुंडाळून बडोद्यात गोत्रीला परत आलो, तेव्हा ती तिकडच्या ‘इयर टू’च्या शेवटाला आली होती. गोष्टीची पुस्तकं आपली आपण वाचायची, दोन, पाच आणि दहाचे पाढे घडाघडा म्हणायची. भाचा नुकता केजीतून सुटला होता. एका शाळेच्या खिडकीत दोघांचे जन्मदाखले शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी तारखा पाहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बेन, बन्ने पहेलामां ज आवशे.”

मला राग आला होता, पण बाई नियमाप्रमाणेच बोलत होत्या. मी इयत्तेचा आकडा धरून बसले होते आणि त्या जन्मतारीख बघत होत्या. त्या उन्हाळ्यात मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. बडोद्यातून लेकरं घेऊन परदेशी जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या कुटुंबांना तिकिटं काढण्याआधी हा हिशोब करता यावा, एवढाच हेतू.

आधी आपल्या घरची रेघ

प्रत्येक ठिकाणी एक तारीख असते. त्या तारखेला मुलाचं ठरावीक वय पूर्ण झालेलं असलं तर ते या वर्षी आत, नाहीतर पुढच्या वर्षी. मी तिला रेघ म्हणते. गुजरातची रेघ १ जून आहे. १ जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिली. राज्याने हा नियम २०२० मध्येच काढून ठेवला होता, अंमल २०२३-२४च्या शैक्षणिक वर्षापासून झाला. त्याआधी पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत जायचं. त्यामुळे सिनियर केजी संपवून बसलेल्या हजारो मुलांना आणखी एक वर्ष थांबावं लागलं आणि सरकारी शाळांत त्यांच्यासाठी बालवाटिका सुरू झाल्या. पालक हायकोर्टात गेले, सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. माझा भाचा त्याच तुकडीतला. गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे तेव्हा एक विनोद चालायचा: राज्याचं धोरण बदललं म्हणून पोराचं धोरण बदललं.

बडोद्याला या विषयात नवखं म्हणता येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेलं. आजोबांच्या पिढीत मात्र तारखेचं कोणाला एवढं नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने १ जून लिहून मोकळे व्हायचे. एकाच घरातल्या तीन भावांचा वाढदिवस १ जूनला येतो, ही मराठी घरांतली जुनीच गंमत. आता तसं होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो.

दोन अपवाद लक्षात असू द्या. केंद्रीय विद्यालयांची रेघ ३१ मार्च आहे. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या नियमाने यंदा पहिलीत बसतं आणि केंद्रीय विद्यालयात पुढच्या वर्षी. महाराष्ट्रात रेघ ३१ डिसेंबर. माझा भाचा पुण्यात असता तर २०२३च्या जूनमध्येच पहिलीत गेला असता. बडोद्याहून पुण्याला बदली झाली तरी हा गोंधळ होतो, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही.

मग तिकडची रेघ

इंग्लंडवर जरा थांबते, कारण तिथला घोळ सर्वांत मोठा आहे. तिकडे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा एक गट. चौथा वाढदिवस झाला की येणाऱ्या सप्टेंबरात मूल रिसेप्शन वर्गात जातं, पुढच्या सप्टेंबरात इयर वनमध्ये. माझी मुलगी ९ ऑगस्टला चार वर्षांची झाली आणि तीन-साडेतीन आठवड्यांत गणवेश चढवून शाळेत. तिच्या वर्गातली सप्टेंबरची पोरं पाच वर्षांची होत आलेली. ती बुटांच्या नाड्या स्वतः बांधायची, ही अजून दुपारी पेंगायची.

१ एप्रिल ते ३१ ऑगस्ट जन्मलेल्यांना तिकडे ‘समर बॉर्न’ म्हणतात. कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाचव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या सत्रापासून, म्हणजे या मुलांना एक पूर्ण वर्ष थांबवता येतं. पण थांबवून नुसतं पाचव्या वर्षी नेलं तर मूल थेट इयर वनमध्ये बसतं. थांबून पुन्हा रिसेप्शनमध्येच बसवायचं असेल तर वयाच्या गटाबाहेर प्रवेश हवा असा लेखी अर्ज कौन्सिलकडे करावा लागतो. निर्णय शाळेचं प्रवेश बघणारं खातं घेतं, मुलाचं हित पाहून. हे आम्हाला कळलं तोवर मुलगी इयर वनमध्ये पोचली होती. प्राथमिकच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी असते. तुमचं जाणं त्याच्या आधी पक्कं झालं असेल तर ती चुकवू नका.

स्कॉटलंड वेगळं. तिथे शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होते आणि गट मार्च ते फेब्रुवारी असा असतो. लंडनला बदली म्हणून निघालात आणि कंपनीने एडिनबराला पाठवलं, तर जानेवारीच्या मुलाचं सगळं गणित उलटतं.

अमेरिकेत देशभराचा एक नियम नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. न्यू जर्सीत, जिथे निम्मं बडोदं राहतं असं आमचे शेजारी म्हणतात, बहुतेक डिस्ट्रिक्ट १ ऑक्टोबर धरतात. नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलात तर ३१ डिसेंबर. घर कुठे घेता त्यावर मुलाची इयत्ता ठरते, ही तिथली खरी गोष्ट आहे. भाडेकरार करण्याआधी त्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर रेघ बघून घ्या.

कॅनडात ऑन्टॅरियोचा नियम सोपा आहे: ज्या वर्षात मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरात ग्रेड वन. जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल एकाच वर्गात. सिंगापूरमध्ये शाळा जानेवारीत उघडते आणि ज्या वर्षात मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी प्रायमरी वन. आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि ३१ मार्च धरतात, त्यामुळे तिकडून परतणाऱ्यांचं गणित तुलनेनं सरळ जातं. अवघड जातं ते वाळवंटातून थेट बडोद्याच्या पावसात येणं, पण ते वेगळं.

ऑस्ट्रेलियात शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि रेघ पुन्हा राज्याची. न्यू साउथ वेल्समध्ये ३१ जुलैपर्यंत पाच पूर्ण होणार असतील तर त्या वर्षी किंडरगार्टन, व्हिक्टोरियात ३० एप्रिल, क्वीन्सलँडमध्ये ३० जून. न्यूझीलंडची तऱ्हाच निराळी: पाचव्या वाढदिवसापासून मूल कधीही शाळेत येऊ शकतं. काही शाळा गटाने घेतात, बाकीच्यांत वाढदिवसाचा केक घरी आणि दुसऱ्या दिवशी शाळा.

आता अंतर मोजा

एक कोरा कागद घ्या. वर मुलाची जन्मतारीख, खाली दोन रकाने: गुजरात आणि तुमचा देश. प्रत्येक रकान्यात मूल पहिलीत किंवा त्याच्या बरोबरीच्या वर्गात कोणत्या साली, कोणत्या महिन्यात बसतं ते लिहा आणि बारावीपर्यंत खाली जा. कंटाळवाणं काम आहे, पण पंधरा मिनिटांत होतं आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो. वाढदिवस तिथीने करत असाल तर ती बाजूला ठेवा, इथे इंग्रजी तारीखच चालते.

मी माझ्या मुलीचा आणि भाच्याचा कागद केला तेव्हा डोळे उघडले. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२४ ला मुलगी इयर थ्रीमध्ये गेली असती आणि भाचा तिथे असता तर इयर टूमध्ये. गुजरातेत त्याच वर्षी दोघंही पहिलीत. म्हणजे भाच्यासाठी इंग्लंडचा आकडा इथल्यापेक्षा एकाने जास्त, मुलीसाठी दोनाने. याचं कारण दोन रेघांमधली ती तीन महिन्यांची फट. २ जून ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेलं मूल इंग्लंडमध्ये गटात सर्वांत लहान असतं आणि गुजरातेत सर्वांत मोठं. तेच मूल, तोच वाढदिवस. इंग्रज लोक या मुलांना उन्हाळी म्हणतात, आपल्याकडे ती पावसाळी असतात: ज्येष्ठ-आषाढ-श्रावणातली. घरात असं लेकरू असेल तर हा लेख दोनदा वाचा, नसेल तर थोडं सैल बसायला हरकत नाही.

अमेरिकेत १ सप्टेंबरची रेघ असलेल्या राज्यांत हिशोब हलका आहे. ग्रेड वन आणि आपली पहिली साधारण सारखीच, फक्त पावसाळी मुलं तिकडे एक वर्ष पुढे. न्यूयॉर्क शहर आणि ऑन्टॅरियोमध्ये ही फट डिसेंबरपर्यंत लांबते. तिथे २ जूनपासून ३१ डिसेंबरपर्यंतची सगळी मुलं आपल्यापेक्षा एक इयत्ता पुढे असतात. ऑस्ट्रेलियात आकड्यापेक्षा महिना महत्त्वाचा. मेलबर्नचं वर्ष डिसेंबरात संपतं, आपलं जूनमध्ये सुरू होतं, मधले सहा महिने कुठे घालायचे ते आधी ठरवा.

जाताना

इंग्लंडात बाहेरून आलेलं मूल बहुतेक शाळा वयाप्रमाणे बसवतात. इथे ते कितवीत होतं, पहिला नंबर होता की दहावा, याला फारसं वजन नसतं. २० जुलै २०१८ला जन्मलेलं मूल घ्या. गुजरातेत ते जून २०२५ मध्ये पहिलीत बसतं. सप्टेंबरमध्ये आईवडिलांबरोबर बर्मिंगहॅमला गेलं की तेच मूल इयर थ्रीमध्ये. वर्गातली बाकी मुलं तीन वर्षं शाळेत घालवून आलेली, लिहायला सरावलेली, आणि याचे पहिलीचे जेमतेम तीन महिने झालेले. आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. आजीने पेढे वाटले की नातू पहिलीतून थेट तिसरीत गेला. नातू मात्र पहिले दोन महिने शाळेच्या दारात रडायचा.

तुमच्या कागदावर असा दोनाचा फरक दिसला तर निघण्याआधी तीन कामं करा. पहिलं, ज्या शाळेत जागा मिळू शकते तिला ईमेल करून विचारा की एक वर्ष खालच्या गटात बसवण्याचा विचार करतील का. अर्जात मुलाने आजवर किती महिने औपचारिक शिक्षण घेतलं ते स्पष्ट लिहा. ‘तो हुशार आहे’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नसतं, ‘त्याने पहिलीचे फक्त तीन महिने केले आहेत’ हे असतं. नकार मिळू शकतो. शाळेने दुसऱ्या गटात जागा देऊ केली असेल तर तुम्हाला हव्या त्या गटासाठी अपील करता येत नाही, हेही माहीत असू द्या. आणि एकदा खालच्या गटात बसवलं की माध्यमिक शाळेच्या वेळी तोच अर्ज पुन्हा करावा लागतो, ती परवानगी आपोआप पुढे जात नाही.

दुसरं काम घरचं. तिकडे वाचन अक्षरांच्या नावांनी नाही, आवाजांनी शिकवतात, आणि इयर वनच्या शेवटी त्याची छोटी चाचणीही असते. ए, बी, सी पाठ असलेल्या मुलाला ‘श’ आणि ‘च’चे इंग्रजी आवाज जोडून शब्द वाचायची सवय नसते. दोन महिने रोज दहा मिनिटं हे केलं तर पहिला धक्का बराच सौम्य होतो. बाराखडी येणाऱ्या मुलांना ही पद्धत पटकन कळते, कारण आवाज जोडणं त्यांना ओळखीचं असतं.

तिसरं, इथल्या शाळेतून एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढताना मूळ प्रत जपून ठेवा. तिकडच्या शाळा ती मागत नाहीत. परत आल्यावर इथली शाळा मागते.

अमेरिकेला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की तिथे शाळेच्या प्रिन्सिपलशी बोलायला वाव असतो. पावसाळी मुलाला एक वर्ष मागे ठेवणं तिथले पालक स्वतःहून करतात, त्यात कमीपणा मानत नाहीत. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ हा शब्द घरात इतका खोल बसलाय की सहा वर्षांच्या मुलाबद्दलही आपण तो वापरतो.

परत येताना

इथे मी चुकले, म्हणून इथे जास्त लिहिते.

पहिला प्रश्न: वयाने बसवायचं की झालेल्या अभ्यासाने? १ जूनचा नियम पहिलीच्या प्रवेशाला लागू आहे. दुसरीत किंवा पुढे येणाऱ्या मुलाला शाळा आधीच्या शाळेचे कागद आणि मुलाची तयारी बघून घेते, आणि इथे शाळेशाळेत फरक पडतो. आम्हाला एका शाळेनं पहिली सांगितली, दुसरीनं दुसरी, आणि तिसरीनं प्रगतिपुस्तक पाहून चक्क तिसरी देऊ केली. सासरे तिसरीच्या बाजूने होते. मी कागद काढला. तिसरीत बसवली असती तर तिने बारावीची परीक्षा मार्च २०३४ मध्ये दिली असती, साडेसोळा वर्षांची असताना. वर्गात तिच्यापेक्षा पावणेदोन-दोन वर्षांनी मोठी मुलंही असती. पहिलीत बसवली असती तर ती शिकलेलंच पुन्हा शिकून कंटाळली असती. आम्ही दुसरी घेतली. वर्गात ती आताही सर्वांत लहान आहे, पण फरक महिन्यांचा आहे, वर्षांचा नाही.

माझं मत विचाराल तर आठ वर्षांच्या आत एक इयत्ता खाली घेणं फार क्वचित नडतं. पाचवी-सहावीच्या पुढे मात्र मुलांना मित्रांच्या वयाची जाणीव होते, तेव्हा खाली आणलं तर मूल मनाला लावून घेतं. आणि वर ढकलणं मी कोणत्याच वयात करणार नाही.

दुसरा प्रश्न: कोणत्या वर्षी यायचं? शक्य असेल तर आठवी संपण्याच्या आत. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा जोड अभ्यासक्रम धरतात आणि दहावीत बाहेरून थेट प्रवेश सहसा मिळत नाही, अकरावी-बारावीचंही तसंच. परदेशी बोर्डातून येणाऱ्याला नववीपासून पुढे बोर्डाची मान्यताही लागते, आणि तो कागद शाळेच्या खिडकीत एका दिवसात होत नाही. इंग्लंडमध्ये दहावीसारखी जीसीएसई परीक्षा देऊन यायचा बेत असेल तर एक गोष्ट विसरू नका: तिचा निकाल ऑगस्टच्या शेवटी लागतो, आणि तोवर इथली अकरावी एप्रिल नाहीतर जूनपासून सुरू झालेली असते. शाळेशी आधी बोलून निकाल नंतर दाखवण्याच्या अटीवर जागा धरून ठेवावी लागते.

डॉक्टरकीचं स्वप्न असलेल्यांसाठी आणखी एक रेघ आहे. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण लागतात. वर ढकललेलं आणि वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल इथे अडू शकतं. कागदावर बारावीपर्यंत जा म्हणते ते याचसाठी.

तिसरा प्रश्न महिन्याचा. गुजरात बोर्डाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. इंग्लंडचं वर्ष जुलैच्या शेवटी संपतं. तिकडचं वर्ष पूर्ण करून यायचं म्हटलं तर इथे मूल दीड-दोन महिने उशिरा बसतं, एप्रिलच्या शाळेत तर चार. आम्ही तिकडचे शेवटचे सहा आठवडे सोडले. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्ष सुरू झालं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं शिक्षणहक्क कायदा म्हणतो, पण वर्गात बाकच शिल्लक नसेल तर कायदा घेऊन तुम्ही कुठे बसणार? डिसेंबर-जानेवारीतच शाळांना लिहायला सुरुवात करा.

कागद, आणि एक तारीख उलटी वाचली गेली ती गोष्ट

इंग्लंडच्या शाळा एलसी देतच नाहीत. तिथे एका शाळेची माहिती दुसऱ्या शाळेकडे संगणकावरून जाते, पालकाच्या हातात दाखला द्यायची रीत नाही. आपली शाळा मात्र एलसीशिवाय फॉर्म हातात घेत नाही. यावर उपाय म्हणजे हेडटीचरकडून शाळेच्या कागदावर पत्र. त्यात मुलाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेत पहिला आणि शेवटचा दिवस, कोणत्या वर्गात होतं, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर कोणत्या वर्गात गेलं असतं, हे पाचही मुद्दे हवेत. शेवटचा मुद्दा मागायला मी विसरले होते. गोत्रीतून लीड्सला ईमेल पाठवून उत्तर येईतो तिकडे सुट्टी लागली होती. अमेरिकेत नाव काढल्याचा फॉर्म आणि गुणांची नोंद सहज मिळते, ती शिक्का मारून घ्या.

सोबत प्रत्येक वर्षाचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाची नोंद आणि शेवटच्या काही महिन्यांच्या वह्या आणा. वह्या हसण्यावारी नेऊ नका. आम्हाला दुसरी मिळाली ती तिच्या लेखनाच्या वहीमुळे. गणिताची वही मात्र अर्धी चित्रांनी भरलेली होती, ती मी दाखवलीच नाही.

परदेशात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून आणलेलं बरं. भारत २००५ पासून ॲपोस्टिलच्या करारात आहे, इंग्लंड-अमेरिकाही आहेत, कॅनडा जानेवारी २०२४ पासून आला. अमिरातीतून येणाऱ्यांना मात्र वकिलातीचे शिक्के घ्यावे लागतात. बडोद्यात बसून हे काम करायचं म्हणजे कुरिअरवाल्याशी दोस्ती करायची.

आता ती गोष्ट. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा अमेरिकेत जन्मलेला, ६ मेचा. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, म्हणून त्याच्या कागदावर ०५/०६. इथल्या एका शाळेत ते ५ जून वाचलं गेलं. १ जूनची रेघ चार दिवसांनी हुकली आणि पोराला सांगितलं, पुढच्या वर्षी या. आठवडाभर ती फेऱ्या मारत होती, कोणालाच कळेना की आई मे म्हणते आणि कागद जून का म्हणतो. म्हणून प्रत्येक अर्जावर महिना अक्षरांत लिहा: ६ मे. आकड्यांत कधीच नाही. आणि नावाचं स्पेलिंग जन्मदाखला, पासपोर्ट आणि आधार या तिन्हींवर एकच आहे ना, ते निघण्याआधी बघा. सरकारी शाळानोंदीत आधारवरचं नाव आणि तारीखच चढते.

वर्गात बसल्यावर

वर्गातलं सर्वांत लहान मूल उशिरा लिहिणारं, चुळबुळ करणारं वाटतं. पुष्कळदा ते फक्त लहान असतं. अमेरिकेत १ सप्टेंबरची रेघ असलेल्या राज्यांतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यात ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्के अधिक वेळा एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालेलं आढळलं. वयात जवळजवळ वर्षाचा फरक, आणि तो वागण्यातला दोष समजला गेला. तिकडच्या बाईंनी माझ्या मुलीबद्दल ‘लक्ष टिकत नाही’ लिहिलं होतं. इथे आल्यावर नव्या बाईंना मी पहिल्याच भेटीत जन्मतारीख सांगितली. तक्रारीसाठी नाही, नुसती माहिती म्हणून. तुम्हीही सांगा. चाळीस मुलांच्या वर्गात कोण लहान आहे हे बाईंना एरवी कसं कळणार?

भाषेचा डोंगर वेगळाच. २०२३च्या कायद्याने गुजरातेतल्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि वर ही तिसरी लिपी. ज्यांना देवनागरी येते त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. डोक्यावरची रेघ काढून टाकली की बरीच अक्षरं ओळखीची निघतात, क, ज, फ, ब अशी काही मात्र वळण बदलतात. आम्ही विमानात बसायच्या तीन महिने आधी ‘दुकानाच्या पाट्या’ हा खेळ सुरू केला. भाचा मांडवी आणि रावपुऱ्यातल्या पाट्यांचे फोटो पाठवायचा, मुलगी वाचून दाखवायची. ‘फरसाण’ तिने पहिल्या आठवड्यात ओळखलं.

मुलाला इयत्तेचा आकडा आधी सांगून ठेवा. शाळेच्या खिडकीत कळू देऊ नका, मला तो चेहरा आठवतो. “पण मी तर थ्रीमध्ये जाणार होते,” असं ती म्हणाली होती. त्या संध्याकाळी तो कागद मी तिच्यासमोर पसरला, दोन रकाने, दोन रेघा, आणि १ जूनच्या पुढे ९ ऑगस्ट कुठे येतो ते बोट ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग पेन्सिल घेऊन भाच्याच्या नावापुढे ‘पहिली’ आणि आपल्या नावापुढे ‘दुसरी’ लिहिलं, आणि कागद फ्रिजवर लावायला मागितला.